पाहुणा गावाचा

भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा तीस दिवसांचाही मिळतो, आणि गोव्यात उतरणारे पुष्कळ परदेशी तेवढाच हिशेब मांडून येतात. मुंबई-पुण्याचे आपण मात्र शुक्रवारी रात्री निघतो आणि सोमवारी सकाळी कामावर हजर असतो. त्यामुळे झाले आहे असे, की हरमल, मांद्रे, केरी या पेडण्यातल्या गावांमध्ये सकाळची पेज कशाबरोबर खातात, न्हाणीतले पाणी कशावर तापते, तिनसांजेला तुळशीपुढे दिवा कोण लावते, हे दूर देशातल्या एखाद्या तरुणीला पाठ असते. तेच देव मानणाऱ्या, तीच आरती म्हणणाऱ्या मराठी माणसाला मात्र यातले काही ठाऊक नसते. त्याने गोवा पाहिलेला असतो तो किनाऱ्याकडे तोंड करून.

पेडणे म्हणजे गोव्याचे उत्तरेचे टोक. वरच्या अंगाला तेरेखोल नदी, खालच्या अंगाला शापोरा, पश्चिमेला समुद्र. डिचोली तिथून आग्नेयेकडे मांडवीपर्यंत उतरत गेलेला तालुका. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे तालुके पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख त्यांच्या हाती लागला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस; पेडणे तर १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. म्हणून याला नव्या काबिजादी म्हणतात. बाटाबाटीचा आणि देवळे पाडण्याचा काळ तोवर सरला होता. देवळे उभी राहिली, देवळांभोवतीची मानकऱ्यांची, वाड्यांची, पाळ्यांची व्यवस्थाही उभी राहिली. इथला पाहुणचार त्या व्यवस्थेतून आला आहे. आदरातिथ्य घरधणीण करते हे खरे, पण तिच्या मागे वाडा असतो आणि वाड्यामागे देवस्थान. एका घरी उतरलेला माणूस दोन दिवसांत गावाचा पाहुणा होऊन जातो.

हरमलचीच गोष्ट घ्या. साठ-सत्तरच्या दशकांत कळंगुट-हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे गर्दी वाढली तशी त्यांच्यातली शांतता शोधणारी माणसे शापोरा ओलांडून उत्तरेला सरकली. तेव्हा शिवोलीला पूल नव्हता. फेरीबोटीने चोपड्याला उतरायचे आणि पुढे जमेल तसे जायचे. हरमलला हॉटेल नव्हते. होती ती रापणकारांची, कुळांची, भाटकारांकडे राबणाऱ्यांची घरे. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचे छप्पर, पुढे शेणाने सारवलेले खळे. घरवाल्यांनी पुढची खोली पाहुण्याला दिली आणि स्वतः मागच्या पडवीत निजू लागले. भाडे घेतले हे उघड आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. समुद्राने पाठ फिरवलेल्या वर्षी त्याच भाड्यावर चुली पेटल्या. पण भाड्याच्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी त्या खोलीबरोबर आपोआप गेल्या. ताप आलेल्या परक्या मुलाला पेज भरवणे, पहाटे भाणात पाणी तापले की आधी त्याला हाक मारणे, चवथीच्या दिवशी त्याला पाटावर बसवून पानात नेवरी वाढणे. या पिढीतल्या बायका आता आजी झाल्या आहेत. त्यांच्याशी बोलायला बसले की पैशांचे बोलणे फार वेळ चालत नाही. कोण कुठल्या देशाचा होता, कुणाचे लग्न झाले, कुणाची मुलगी पुढे आईच्या जुन्या खोलीत येऊन राहिली, याच गोष्टी निघतात. कपाटात परदेशातून आलेली पत्रे आणि बाळांचे फोटो असतात. वाचता येत नसलेली पत्रेही जपून ठेवलेली असतात.

आता नियम आले आहेत आणि ते असायलाच हवेत. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खोल्यांची नोंदणी करावी लागते. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांच्या आत सरकारी फॉर्म भरून कळवावे लागते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर हे काम उरकतो. तेवढ्यात आजीने पाहुण्याला ‘तुमी खंयचे?’ हे विचारून घेतलेले असते. उत्तरात देशाचे नाव आले तर तिचे समाधान होत नाही. आईबाप आहेत का, भावंडे किती, लग्न झाले का, देव कोणता, इथवर चौकशी जाते. शहरी माणसाला हा भोचकपणा वाटतो. मला तो वाटत नाही. ज्याला घरात घ्यायचे त्याच्या मागे कोण आहे हे जाणून घेतल्याशिवाय इथे नाते सुरू होत नाही, आणि एकदा ते कळले की निरोप देताना आजी त्याच्या आईसाठी कोकमाच्या सोलांची पुडी बांधून देते.

ही सवय पर्यटनाने लावलेली नाही. पेडण्याच्या गावांना दर वर्षी पाहुणे सांभाळायची शेकडो वर्षांची तालीम आहे, आणि त्या पाहुण्यांत पहिला मान दशावताऱ्यांचा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तेरेखोलच्या पलीकडून, सिंधुदुर्गातून दशावतारी मंडळ्या पेडण्यात उतरतात, ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत. आज या गावी, उद्या त्या. आता टेम्पो असतो. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन माणसे डोंगर आणि नदी ओलांडत चालत येत. पेटाऱ्यात कपडे, मुकुट, हत्यारे आणि पुजेचा गणपती. मंडळी दुपारी देवळात पोचतात. गावाकडून शिधा येतो: तांदूळ, नारळ, डाळ, तेल. कुणी लाकडे आणून टाकतो, कुणी विहिरीवरून पाणी भरतो. जेवून कलावंत देवळाच्या चौकात आडवे होतात, दिवेलागणीला स्वतःच तोंडाला रंग लावायला बसतात, आणि रात्री पालखी फिरून आली की मृदंग आणि पेटी सुरू होते. आधी आडदशावतार, त्यात संकासुर; मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी जुळतात. पहाटे दहीकाला फुटतो आणि मंडळी पुढच्या गावाची वाट धरतात.

पौष-माघाच्या थंडीत अशा एका रात्री देवळाच्या पायरीवर बसलो असताना शेजारच्या बाईंनी काही न विचारता आपल्या गोधडीचे टोक माझ्या गुडघ्यांवर ओढले. पलीकडे दोन परदेशी मुली होत्या, त्यांच्या मांडीवर त्या बाईंची नात झोपली होती. कुणी कुणाची ओळख करून दिली नव्हती. मध्यरात्री खाज्यांची पुडी फिरली ती सगळ्यांतून फिरली. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात आलेला प्रत्येक जण देवाकडे आलेला असतो, आणि देवाकडे आलेल्याला विचारपूस न करता सामावून घ्यायचे असते, हा इथला शिरस्ता आहे. या दोन मुलींना नाटकातले एक अक्षर कळत नव्हते. तरी पहाटेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पेडणे शहरात भगवतीच्या देवळाभोवती हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. रवळनाथ-भूतनाथाची तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात, आणि पेडण्याच्या पुनवेला सिंधुदुर्गातून माणसांचे लोंढे येतात. त्या रात्री शहरात ज्यांची घरे आहेत त्यांच्या घरात निजायला जागा उरत नाही. लेकीबाळी, जावई, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. डिचोलीत हिवाळ्यात नव्या सोमवाराला शांतादुर्गेची पालखी रात्रभर दारोदार फिरते आणि गल्ल्यांतून गाण्याच्या बैठकी रंगतात. ऐकायला आलेला माणूस कुणाच्याही ओसरीवर टेकतो. त्याला उठ म्हणणारे कुणी नसते.

पण डिचोलीचा खरा कस लागतो तो शिरगावात. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा असते. गोव्यातून, सिंधुदुर्गातून, बेळगावकडून हजारो धोंड येतात. धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त: हातात रंगीत लोकरीने मढवलेला वेताचा बेत, गळ्यात मोगऱ्याची माळ. जत्रेआधीचे दिवस ते सोवळ्यात राहतात, आंघोळ करून एकत्र रांधतात, एकत्र जेवतात. जत्रेच्या रात्री होमकुंड पेटते, आणि पहाटे निखाऱ्यांतून धोंड चालत जातात. एवढ्याशा गावाने एवढी माणसे पोसायची म्हणजे काय करायचे असते, ते जत्रेआधी आठवडाभर गावात गेल्याशिवाय कळत नाही. भाटांत माटव पडतात, घराघरांतली मोठी भांडी बाहेर येतात, विहिरी उपसून साफ होतात.

विहिरींचे नाव काढले की शिरगावचे दुखणे निघते. गाव खनिज खाणींनी वेढलेले आहे. खाणी खोल गेल्या तशा विहिरी आटल्या, झरे आटले, अशी तक्रार गावाने वर्षानुवर्षे केली, कोर्टापर्यंत नेली. ज्या गावाने आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचे, त्याच गावाचे पाणी गेले. याच्याइतका वाईट घाव पाहुणचारावर दुसरा नसेल. २०२५ च्या जत्रेत पहाटेच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. गाव पाहुण्यांना नाही म्हणत नाही, म्हणून वाटा किती रुंद, उतार किती, माणसे किती, हे मोजण्याची जबाबदारी सरकारची आणि देवस्थानची दुप्पट होते. गावाच्या चांगुलपणावर सारा भार टाकून मोकळे होता येणार नाही.

लईराईची कथा या भागातल्या नात्यांचा नकाशाच आहे. लोककथेप्रमाणे त्या सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ खेतोबा. लईराई शिरगावात राहिली, केळबाय मुळगावात, महामाया मयेत. मोरजाई पेडण्यात मोरजीला गेली. आणि मिराबाय म्हापशाला गेली, तिला लोक मिलाग्रीस सायबीण म्हणून ओळखतात. म्हणजे म्हापशाच्या चर्चमधली माउली ही शिरगावच्या देवीची बहीण. दोघींच्या उत्सवांत आजही तेल आणि फुले यांची देवघेव होते, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू बाया तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. नाताळात ख्रिस्ती घरातून कुसवार येते, दोदोल, बेबिंक येते. चवथीला हिंदू घरातून नेवऱ्या जातात. ताट रिकामे परत करत नाहीत. बहिणीबहिणींत जे चालते तेच शेजाऱ्यापाजाऱ्यांत चालते, त्याला सलोखा वगैरे मोठे शब्द इथे कुणी लावत नाही.

डिचोलीने देवालाही आसरा दिला आहे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. भक्तांनी लिंग वाचवून नदीपार, त्या वेळच्या भतग्राम महालात आणले. तिथे, नार्व्याला, १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवले. दारावरचा शिलालेख आजही वाचता येतो. गोवा सरकारने जीर्णोद्धार केल्यानंतर २०२३ साली ते पुन्हा खुले झाले. शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवल्यानंतर काही वर्षांनी आणखी एक आश्रित या भागात आला. औरंगजेबाविरुद्ध बंड करून शाहजादा अकबर १६८१ साली दुर्गादास राठोडाच्या सोबतीने संभाजी महाराजांकडे आला आणि पुढे त्याचा मुक्काम डिचोली-बांदा भागात होता. दिल्लीच्या बादशहाचा मुलगा, ज्याच्या बापाशी जन्माचे वैर, त्याला महाराजांनी आसरा दिला. १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणकडे गेला. डिचोलीच्या टेकडीवरचा नमाजगाह त्याच्या आठवणीशी जोडला जातो. तिथे उभे राहून खाली पाहिले की लाल छपरे आणि माडांचे शेंडे दिसतात. नार्व्याला जाणारे पुष्कळ मराठी पर्यटक इथे वळत नाहीत. त्यांनी जरूर वळावे.

‘परदेश’ हा शब्द पेडणेकरांना भूगोलाच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. आरोंदा आणि किरणपाणी यांच्यामध्ये फक्त तेरेखोलचे पात्र आहे, पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ते दोन देशांमधले पात्र होते. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर. सातार्डा, शिरोडा, बांदा, वेंगुर्ला इथल्या मुली पेडण्यात दिलेल्या, पेडण्याच्या तिकडे. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याकडून सत्याग्रही पत्रादेवीच्या सीमेत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा तरुण करनैलसिंग तिथे पडला. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्यानंतर भारताने नाकेबंदी केली, येणेजाणे थांबले. माहेर नजरेच्या टप्प्यात, डोंगीने गेले तर घटकाभराच्या अंतरावर, आणि परवान्याशिवाय जाता येत नाही, अशी वर्षे इथल्या बायकांनी काढली. मुलगी बाळंत झाल्याची बातमी पलीकडे पोचायला आठवडे लागत. लपूनछपून आलेल्या माणसाला रात्री जेवू घालायचे, पहाटेआधी होडीत बसवायचे आणि सकाळी काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने अंगण झाडायचे, हेही या घरांनी केले. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचे नाही, ही गोष्ट इथल्या जुन्या माणसांच्या अंगात का भिनली आहे, त्याचे एक कारण मला या वर्षांत सापडते.

आता पाहुणे आकाशातून उतरतात. मोपाच्या पठारावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली. विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. तिथे उपचारासाठी येणारी माणसे आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणजे तेही मुक्कामी पाहुणेच. विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्या धनगर कुटुंबांना पठारावरून उठावे लागले, त्यांच्या अंगणात बसून पाहुणचाराविषयी बोलणे सोपे नाही. पाहुण्याला जागा द्यायला स्वतःची जागा शिल्लक लागते. किनाऱ्याकडे तर बाहेरचा पैसा घरेच्या घरे वर्षाच्या कराराने घेतो, मूळ मालक आत वाड्यात जातो, आणि उतरलेल्या पाहुण्याला दार उघडणारा माणूसही दुसऱ्या राज्यातून नोकरीला आलेला असतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही; त्याला स्वतःलाच गावात कुणी ओळखत नाही. पण अशा घरात राहिलेल्या माणसाला जत्रा कधी आहे हे सांगणारे कुणी नसते, विहिरीत पाणी किती आहे हे कळत नाही, आणि मध्यरात्री मोठ्याने वाजणाऱ्या गाण्याने शेजारची म्हातारी जागी आहे याचीही कल्पना नसते. भूरूपांतराविरुद्ध पेडण्यातले गावकरी रस्त्यावर उतरले ते शेतांसाठी आणि डोंगरांसाठी. मला वाटते, ते या ओळखीसाठीही उतरले. घरधणी घरात राहील तोवरच पाहुणा गावाचा होईल. म्हणून खोल्या देण्याची परवानगी, कर्ज, सवलत जे काही द्यायचे असेल ते सरकारने राहत्या घराच्या राहत्या मालकाला आधी द्यावे, आणि त्यातही बायकांना, कारण हे काम आजवर त्यांनीच केले आहे.

दिवाळी इथे फोवांची, म्हणजे पोह्यांची, असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे रात्रभर नाचवलेले नरकासुर जळतात, अभ्यंगस्नान होते, अंगठ्याने कारीट फुटते आणि मग माणसे घरोघर फोव खायला निघतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळखोबऱ्याने कालवलेले, बटाट्याचे तिखट. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्यांचे रायते. पाचव्या-सहाव्या घरी पोट भरलेले असते, तरी वाटीभर घ्यावेच लागते. आमंत्रण नसते, आणि न गेल्यास विचारणा होते. खोलीत राहणाऱ्या परदेशी मुलालाही घरचा मुलगा बरोबर घेऊन फिरतो, आणि दुपारपर्यंत साऱ्या वाड्याने त्याला पाहिलेले असते. त्यानंतर तो रस्त्याने चालला की लोक त्याला नावाने हाक मारतात.

वाचकहो, जत्रांचा मोसम सुरू झाला की निघा. कोकण रेल्वेने पेडणे स्थानकावर उतरा. राहता मालक असलेले घर शोधा आणि निदान आठवडाभर राहा. जमेल त्याने महिना काढावा. दशावताराला रात्रभर बसा, आणि देवळात शिध्यासाठी नारळ-तांदूळ देऊन या. पाणी जपून वापरा. कुणाच्या खळ्यात बसवून गूळपाणी दिले तर खिशात हात घालू नका, तुमच्या गावाची, घराची, आईबापांची माहिती द्या. आणि निघताना त्या घरातल्या माणसांना आपला पत्ता लिहून द्या, आपल्याकडे बोलवा, आणि ते खरोखरच दारात उभे राहिले तर चार दिवस सुट्टी काढा.